शेटचे दहा लाख

सेंट पॉल, मिनेसोटा
रविवार

प्रिय बाळ्या,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. मागे कुकरच्या शिट्ट्या, वहिनींचं "अहो, गॅस बंद करा", आणि त्यात तू एका दमात सांगतोयस की बिल्डर शेट दहा लाख द्यायला तयार आहे, ट्रस्ट करायचा, आपलं बंद पडलेलं प्रकाशन पुन्हा उभं करायचं. आणि अट एकच, प्रत्येक पुस्तकात पहिल्या पानावर त्याच्या वडिलांचा फोटो. ही अट तू बरोबर शिट्टीच्या आड सांगितलीस. मला नीट ऐकू आली.

नुसता अंगठा पाठवून मोकळं व्हावंसं वाटेना. फोन केला असता तर तिसऱ्या मिनिटाला भांडलो असतो. म्हणून हे पत्र. तब्येतीचं आधी उरकतो: साखर ताब्यात आहे, सुलभाचा खांदा बरा आहे, थंडी पडली आहे. झालं.

तू मेसेजात म्हणतोस, "तुझ्या गावात असली तीन तीन प्रकाशनं चालतात, मग सांगलीत एक का नको?" बरोबर जागी बोट ठेवलंस. ग्रेवुल्फ, कॉफी हाउस आणि मिल्कवीड. तिन्ही ना-नफा तत्त्वावरची, कुठल्याही बड्या कंपनीच्या पोटात न गेलेली, आणि कविता-कादंबऱ्या छापणारी. (आपणही ना नफा ना तोटा म्हणत होतो. त्यातलं पहिलं अर्धं आपण काटेकोर पाळलं.)

पण यातली दोन मूळची इथली नव्हेत. ग्रेवुल्फ १९७४ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या पोर्ट टाउनसेंड नावाच्या बंदरात सुरू झालं. स्कॉट वॉकर नावाचा तरुण हाताने छपाईचे खिळे जुळवून, हाताने शिवून कवितांच्या पुस्तिका काढायचा. म्हणजे नानांच्या छापखान्यात ट्रेडलवर आपण जे करत होतो तेच, फक्त नानांच्या शिव्या वजा. कॉफी हाउसचा जन्म आयोवातल्या वेस्ट ब्रांच या गावातला, आणि नाव काय, तर 'टूथपेस्ट प्रेस'! नावावरून आपण किती रात्री घालवल्या आठव. त्याच सुमाराला, १९७६ मध्ये, मुंबईत कोलटकर, मेहरोत्रा, जस्सावाला आणि गीव्ह पटेल या चौघा कवींनी सहकारी पद्धतीने 'क्लिअरिंग हाउस' काढलं होतं आणि आपण पुढे त्यांचीच नक्कल करत होतो, हे तू आजही कबूल करणार नाहीस. ते काही पुस्तकं काढून थांबलं. ग्रेवुल्फ थांबलं नाही. का नाही, हे मी इथे आल्यापासून शोधतोय आणि आता तुझ्यावर वेळ आल्यावर त्याचा उपयोग होतोय.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर ग्रेवुल्फ आणि कॉफी हाउस दोघंही आपापलं बिऱ्हाड उचलून इथे आले. हवा चांगली म्हणून नक्कीच नाही. इथे पैसा होता. त्यातला बराचसा दुकानदार आणि कारखानदार मंडळींचा, म्हणजे तुझ्या शेटच्याच जातकुळीचा. डेटन नावाच्या दुकानदार घराण्याने १९४६ पासून नफ्यातले पाच टक्के समाजकार्याला द्यायचा पायंडा पाडला. तुझा भाचा इथे आल्यावर जिथे ट्रॉली भरभरून खरेदी करत होता ते टार्गेट त्याच घराण्याने काढलेलं. थ्रीएम म्हणजे चिकटपट्टीवाले, त्यांच्या मॅकनाइट साहेबांनी फाउंडेशन काढलं. तेव्हा शेटचा पैसा घेऊ नये असलं सोवळं मी सांगत नाहीये. तू माझ्या नावावर ते खपवशील म्हणून आधीच लिहून ठेवतो.

माझा जीव अडकतो तो पुढच्या गोष्टीत. ग्रेवुल्फचं अलीकडचं एखादं पुस्तक उघड आणि कॉपीराइटचं पान बघ. बारीक अक्षरात आभार असतात, आणि त्यात म्हटलेलं असतं की हे प्रकाशन काही अंशी मिनेसोटाच्या मतदारांमुळे शक्य झालं. मतदारांमुळे! पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला छापण्यातली चूक वाटली. चूक नव्हती. २००८ च्या नोव्हेंबरात, मंदी डोक्यावर कोसळत असताना, इथल्या लोकांनी राज्यघटनेत दुरुस्ती करून स्वतःवर जादा विक्रीकर लावून घेतला. रुपयामागे पैशाहूनही कमी, एक टक्क्याचा तीन अष्टमांश, तोही २०३४ पर्यंत. बहुतेक पैसा पाणी, जंगल आणि उद्यानांना, पण १९.७५ टक्के कला आणि संस्कृतीला. त्यातून कविता छापली जाते. त्याच पानावर काही वर्षं मॅकनाइट असत, टार्गेट असे, अॅमेझॉनसुद्धा असे (हो, पुस्तकाची दुकानं ज्याने बसवली तोच), आणि शेवटी किरकोळ देणगीदारांची गर्दी. इतके जण एका पानावर बसले की कोणालाच मोठा फोटो लावता येत नाही.

आणि याचा उपयोग काय ते अलीकडे दिसलं. मे २०२५ मध्ये इथल्या केंद्र सरकारच्या कला-निधीने देशभरच्या कितीतरी साहित्यसंस्थांना, मासिकांना आणि प्रकाशनांना मंजूर झालेली अनुदानं रद्द केल्याच्या मेल धाडल्या. त्याआधी मार्च २०२४ मध्ये 'स्मॉल प्रेस डिस्ट्रिब्यूशन' हा जुना वितरक एका दिवसात बंद झाला आणि सुमारे चारशे छोटी प्रकाशनं रस्त्यावर आली. तो वितरकही ना-नफाच होता, बरं का. ज्यांचे पाय चार ठिकाणी होते ते लंगडत का होईना उभे राहिले. तुझा एकच पाय, आणि तो शेटच्या चपलेत. उद्या त्याचं आणि पालिकेचं फाटलं, आणि एखाद्या पोराच्या कथेत बिल्डर आला, तर तू काय करशील? छापशील, मला माहीत आहे. पण त्यानंतरचं पुस्तक कशाने छापशील?

आता दुसरी गोष्ट, ती तुला जास्त लागेल. ट्रस्ट केलास की ते प्रकाशन तुझं राहत नाही. १९९४ मध्ये स्कॉट वॉकर ग्रेवुल्फमधून बाहेर पडला. ज्याने खिळे जुळवले, सुतळी ओवली, तो. त्याच्या जागी फेबर अँड फेबरमधून फिओना मॅक्रे आली, आणि आज ज्याला जग ग्रेवुल्फ म्हणतं ते बरंचसं तिच्या काळात वाढलं. स्वीडिश कवी ट्रान्स्ट्रोमरला २०११ मध्ये नोबेल मिळालं तेव्हा त्याच्या कवितांचं इंग्रजी पुस्तक यांच्या यादीत दहा वर्षं आधीपासून होतं. पुढच्या वर्षी ट्रेसी स्मिथला कवितेचं पुलित्झर, २०१४ मध्ये बंगळुरूला जन्मलेल्या विजय शेषाद्रीला. मॅक्रेही २०२२ मध्ये निवृत्त झाली आणि कार्मेन हिमेनेस ही कवयित्री आली. प्रकाशन चालूच. तू खुर्चीवरून उठशील का रे? वाचकमेळाव्यात आभाराचं भाषण दुसऱ्याला दिलं म्हणून तू आठवडाभर बोलत नव्हतास, हे मी विसरलेलो नाही. संचालक मंडळात तीन माणसं तुझ्याशी न पटणारी हवीत. पहिली प्रमिलाताईंना घे. त्या तुला ओळखून आहेत.

आणि सीएला एक विचारून घे. आपल्याकडे काही प्रकारच्या धर्मादाय संस्थांची व्यापारी स्वरूपाची आवक एकूण आवकेच्या २० टक्क्यांच्या वर गेली तर प्राप्तिकराची सवलत धोक्यात येऊ शकते. पुस्तकविक्री कशात मोडते यावर वकील मंडळी पोट भरतात. म्हणजे पुस्तक चाललं तर घोटाळा आणि नाही चाललं तर देणगीच्या करसवलतीची पावती फाडत दारोदार. तुझी पुस्तकं चालतील या भीतीने मी हे लिहीत नाहीये, तेव्हा हुरळू नकोस.

आता श्रीप्या.

दचकू नकोस. त्याचं नाव काढल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही. पर्सिव्हल एव्हरेट हा कादंबरीकार नव्वदच्या दशकापासून ग्रेवुल्फकडे होता. वीसहून जास्त वर्षं. तिरकस, कुठल्याच कप्प्यात न बसणारं लिहिणारा माणूस, आणि ते एकामागून एक छापत राहिले. २०२२ मध्ये त्यांच्याकडची 'द ट्रीज' बुकरच्या अंतिम यादीत गेली. आणि मग 'जेम्स' ही कादंबरी तो डबलडे या बड्या घराकडे घेऊन गेला. तिला नॅशनल बुक अवॉर्ड, तिलाच २०२५ चं पुलित्झर. मी बातमी वाचली आणि मला सांगलीचं एसटी स्टँड आठवलं. श्रीप्याचा दुसरा संग्रह मुंबईच्या मोठ्या प्रकाशनाकडे जातोय हे कळल्यावर तू तिथे जे बोललास ते.

पण पुढे बघ. त्या कादंबरीकाराच्या आधीच्या पुस्तकांचा मोठा गठ्ठा ग्रेवुल्फकडेच आहे. 'इरेझर' ही २००१ ची कादंबरी मुळात दुसऱ्याने छापलेली, यांनी पुढे पुन्हा काढली. २०२३ मध्ये तिच्यावर सिनेमा आला आणि लोक दुकानात ती मागायला लागले. तो तिकडे मोठा झाला, माल इकडे खपला. आणि तू काय केलंस? श्रीप्याचा पहिला संग्रह संपला होता, विद्यापीठाला अभ्यासक्रमासाठी हवा होता, आणि तू "आमच्याकडे या नावाचे कवी नाहीत" असं लेटरहेडवर लिहून पाठवलंस. लेटरहेड माझ्या पैशाचं होतं! आवृत्ती काढली असतीस तर पुढची चार पुस्तकं निघाली असती. छोट्या प्रकाशनाकडून लेखक जाणारच रे. जाईपर्यंत त्याला नीट छापायचं, आणि गेल्यावर त्याचं जुनं पुस्तक बाजारात ठेवायचं. एवढं जमलं तरी पुष्कळ.

ठेवायचं म्हणजे किती ठेवायचं याला मिल्कवीडचं उदाहरण ऐक. रॉबिन वॉल किमरर या पोटावाटोमी नावाच्या अमेरिकी आदिवासी जमातीतल्या वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंचं 'ब्रेडिंग स्वीटग्रास' त्यांनी २०१३ मध्ये काढलं. जाहिरातीचा धुरळा नाही. पुस्तक विक्रेत्यांनी वाचकांच्या हातात दिलं, वाचकांनी एकमेकांच्या. न्यूयॉर्क टाइम्सच्या खपाच्या यादीत ते आलं २०२० मध्ये. सात वर्षांनी, बाळ्या! आज दहा लाखांच्या वर प्रती गेल्या आहेत. नफ्यासाठी बसलेल्या प्रकाशकाने पहिल्या दोन वर्षांत उरलेले गठ्ठे स्वस्तात काढून जागा मोकळी केली असती. मला या सगळ्या ना-नफा भानगडीतलं एवढंच खरं वाटतं, की तिथे पुस्तकाला थांबायला जागा मिळते. अनुदान, सभासद, समारंभ, सगळं त्या जागेचं भाडं.

आणि जागा म्हणजे अक्षरशः जागा. इथे शेजारच्या मिनियापोलिसात वॉशिंग्टन अॅव्हेन्यूवर तीन जुन्या इमारती जोडून २००० मध्ये 'ओपन बुक' नावाची वास्तू उभी केली. त्यात मिल्कवीड, लेखकांचे वर्ग चालवणारं लॉफ्ट, आणि हाताने छपाई शिकवणारं केंद्र. खालून शाईचा वास येतो आणि मला नानांची हाक ऐकू येते. तिथल्या सभागृहाला टार्गेटचं नाव दिलं. मोठ्या अक्षरात, बिनदिक्कत. पुस्तकं मात्र त्यातून सुटली.

म्हणून शेटला असं सांग: वडिलांचं नाव गोदामाला देऊ. फोटोही लावू, हार घालू, उद्घाटनाला आमदार बोलव. २०१९ च्या पुरात माळ्यावर होते तेवढेच गठ्ठे वाचले, हे तूच रडत सांगितलं होतंस. पुराच्या रेषेच्या वर दोन खोल्या शेटसारख्या माणसाला अवघड नाहीत, बांधकाम त्याचंच आहे. रोख दहा लाखांपेक्षा मला त्या दोन खोल्या मोलाच्या वाटतात, कारण रोख रक्कम तू तीन पुस्तकांत उडवशील आणि त्यातलं एक स्वतःचं असेल. मग पुस्तकांसाठी सभासद गोळा करू. वर्षाला हजार रुपये, वर्षातली सगळी पुस्तकं घरपोच. इथल्या मराठी मंडळातून मी काही माणसं धरीन. गणपतीच्या आरतीला येतात त्यातले चारदोन तरी वाचणारे निघतील. नवलेखकांसाठी साहित्य आणि संस्कृती मंडळाचं अनुदान आहेच, तेही माग, लाजू नकोस. शेटचं नाव सभासदांच्या यादीत अकारविल्हे येईल, हजार रुपयांनाच.

तो नाही म्हणाला तर? तर दहा लाख गेले. मला वाईट वाटेल, खोटं कशाला बोलू. पण फोटोवाल्या पुस्तकात मी माझं नाव विश्वस्त म्हणून घालणार नाही. हे भांडणाच्या तयारीने लिहितोय.

आणि श्रीप्याचा नंबर सुलभाला मिळाला आहे. येत्या शनिवारी मी त्याला फोन करून पहिल्या संग्रहाच्या नव्या आवृत्तीचं विचारणार आहे. तुला पटो न पटो. तो हो म्हणाला तर मुद्रितं तू तपासायचीस, कारण मागच्या वेळी अनुक्रमणिकेत ज्या चुका राहिल्या त्या तुझ्याच होत्या.

शेटशी बोलून कळव. शिट्टीच्या आड नको.

तुझा,
अव्या

ता. क. पमाचं लग्न ठरल्याचं वहिनींनी सुलभाला सांगितलं. तू मेसेजात एक अक्षर बोलला नाहीस, धन्य आहेस. मुलगा काय करतो? अभिनंदन. तारीख कळव, तिकिटं काढायला लागतील. काकूंच्या गुडघ्याचं काय झालं?