सूचना : रंगपंचमीच्या आठवड्यातल्या पाळ्या

सर्व आई-बाबांनो, नमस्कार.

मोठ्यांच्या वार्षिक परीक्षा, धाकट्यांची बालवाडी, बुधवारी धुळवड आणि रविवारी रंगपंचमी. म्हणून मुलांच्या ने-आणीच्या पाळ्या आत्ताच बघून ठेवा.

सोमवार-मंगळवार : तळमजला
गुरुवार-शुक्रवार : पहिला मजला
शनिवार : वरचा मजला (मागच्या वेळी विसरलात, माझ्यासकट!)

निघण्याची वेळ सकाळी साडेसात. मूल येणार नसेल तर आदल्या रात्री नऊपर्यंत इथेच कळवा. सकाळी फोन करू नका, तेव्हा प्रत्येकाच्या एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात बूट असतो.

आता रविवारच्या गेरीचं, म्हणजे आपल्या इंदूरच्या रंगपंचमीच्या मिरवणुकीचं. राजवाड्याकडे गर्दी अफाट असते, टँकरमधून पाण्याचे फवारे आणि यंत्रांतून गुलाल उडत असतो. पाच वर्षांखालच्यांना तिकडे नेऊ नये, ही विनंती. त्यांच्यासाठी सकाळी नऊला आपल्याच अंगणात रंग खेळू. रंग हळद-बेसनाचा किंवा पळसफुलांचा, पक्का रंग कोणीही आणू नये. मुलांना आधी खोबरेल तेल चोपडून आणा. नंतर पोहे-जिलबी आहे, माणशी ५० रुपये शुक्रवारपर्यंत द्या. ज्यांची सोमवारी गणिताची परीक्षा आहे, त्यांना अकराला घरी पाठवू. रडले तरी.