टक्क्यांवर चालणारी गाडी

प्रिय अव्या,

तुझं पत्र मिळालं. इलेक्ट्रिक गाडी घेऊ का म्हणून चार पानं लिहिलीस, पण विचारलंस एकच: बॅटरी संपून मध्येच बंद पडली तर? त्याचं उत्तर आधी देऊन टाकतो, म्हणजे पुढचं तू निवांत वाचशील.

बंद पडायच्या कितीतरी आधी ती बोलायला लागते. बॅटरी 20 टक्क्यांच्या आसपास आली की पहिली सूचना, 10 च्या आसपास दुसरी, मग स्क्रीनवर लाल अक्षरं, मग पिकअप काढून घेते, आणि अगदीच शेवटी काही गाड्या कासवाचं चित्र दाखवून रांगायला लागतात. एवढं ऐकूनही जो रस्त्यात अडकतो, त्यानं पेट्रोलची गाडीही अडकवलीच असती. फरक एवढाच की पेट्रोल बाटलीतून आणता येतं. इथं अख्खी गाडी उचलून न्यावी लागते. चाकं जमिनीवर ठेवून, दोर बांधून ओढत नेणं बहुतेक गाड्यांना चालत नाही, कारण चाक फिरलं की मोटर फिरते, आणि मोटर फिरली की ती वीज तयार करायला लागते. त्यात आतली इलेक्ट्रॉनिक्स खराब होऊ शकते. हे लक्षात ठेव. मदतीला आलेल्या उत्साही माणसाला ठाऊक असेलच असं नाही.

तर ती भीती सोड. खरी कटकट रेंजची, म्हणजे एकदा भरल्यावर गाडी किती लांब जाते याची, नाहीच, चार्जरची आहे. चार्जर शोधायच्या ॲपवर हिरवा ठिपका दिसतो, तू पोचतोस, आणि मशिनची स्क्रीन काळी असते. किंवा मशीन चालू असतं, पण गनचं, म्हणजे केबलच्या टोकाच्या प्लगचं, लॉक बसत नाही. किंवा तिथं एक गाडी 100 टक्के भरून शांत उभी असते आणि मालक कुठं गेलाय हे कुणालाच माहीत नसतं. कधी केबल तुझ्या गाडीच्या चार्जिंग पोर्टपर्यंत पोचत नाही, कारण तुझा पोर्ट मागच्या बाजूला आणि मशीन पुढं. प्रत्येक कंपनीचं ॲप वेगळं, त्यात आधी पैसे भरून ठेवायचे, आणि नेमकं तिथंच मोबाईलला नेटवर्क नाही. या सगळ्यावर मी एकच नेम धरलाय: ज्या चार्जरवर थांबायचं, त्याच्या पुढचा चार्जर गाठता येईल एवढी बॅटरी शिल्लक ठेवून तिथं पोचायचं. एक गन असलेल्या चकचकीत ठिकाणापेक्षा चार गन असलेलं साधं ठिकाण बरं. आणि ठिपक्याच्या रंगापेक्षा तिथं शेवटचं चार्जिंग कुणी, कधी केलं, हे बघायचं. तासाभरापूर्वी कुणी भरून गेलं असेल तर निर्धास्त जा.

हे वाचून तू म्हणशील, पेट्रोलच्या गाडीत असलं काही मोजावं लागत नव्हतं. खरंय. पण का लागत नव्हतं, हे मला या गाडीनं शिकवलं आणि ते मला फार आवडलं, म्हणून जरा लांबवतो.

एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण 9 युनिट ऊर्जा असते. युनिट म्हणजे तेच, आपल्या विजेच्या बिलातलं, किलोवॅट-तास. माझी बॅटरी 60 युनिटची. म्हणजे पायाखाली अंथरलेली ती चारेकशे किलोची पेटी जेमतेम सहा-सात लिटर पेट्रोलइतकी ऊर्जा घेऊन हिंडते. आणि तेवढ्यावर ती साडेतीनशे किलोमीटर जाते! कारण पेट्रोलचं इंजिन त्यातला चौथा-तिसरा हिस्सा चाकांपर्यंत पोचवतं, बाकीची उष्णता होऊन रेडिएटरमधून आणि सायलेन्सरमधून निघून जाते. मोटर मात्र 90 टक्क्यांच्या आसपास कामाला लावते. जिथं एवढं वायाच जात होतं, तिथं समोरून वारा आला, टपावर सामान बांधलं, टायरमधली हवा कमी झाली, तर ॲव्हरेजमध्ये कळायचंही नाही. इथं सगळं कळतं. पाऊस लागला की कळतं, कारण चाकांना पाणी बाजूला सारत जावं लागतं. थंडीत हीटर लावला की कळतं, कारण फुकट उष्णता देणारं इंजिन आता नाही. गाडी जास्त खात नाही रे, हिशेब दाखवते.

वेगाचंच बघ. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो. ताशी 90 वरून 120 वर गेलास की तो साधारण पावणेदोन पट होतो. म्हणून जो तो सांगतो, हळू चालव, वेळ वाचेल. मी एकदा कागदावर मांडून पाहिलं. 100 किलोमीटर 90 नं गेलास तर सदुसष्ट मिनिटं, 120 नं गेलास तर पन्नास. वाचली सतरा. जास्तीची गेलेली वीज 5 युनिट धर. 50 किलोवॅटच्या चार्जरवर ती सहा मिनिटांत भरून निघते. म्हणजे चार्जर बरा असेल तर वेगानं जाणाराच आधी पोचतो. 7 किलोवॅटच्या संथ चार्जरवर मात्र त्याच 5 युनिटना पाऊण तास लागेल, आणि मग हळू जाणारा जिंकतो. तेव्हा हळू चालवायचं ते वेळ वाचवायला नाही. ते पुढचा चार्जर बंद निघाला तर त्याच्याही पुढच्यापर्यंत पोचायला. मी जाताना पहिला टप्पा जपून चालवतो आणि चार्जर चालू आहे याची खात्री झाली की शेवटचे वीस किलोमीटर मोकळा सुटतो.

घाटाचं गणित त्याहून गमतीचं. माणसं-सामानासकट दोन टनांची गाडी हजार मीटर उंच चढवायला नेहमीच्या खर्चाशिवाय साडेपाच युनिट लागतात. टक्के असे भराभर उतरतात की शेजारी बसलेला माणूस गप्प होतो. पण उतरताना ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की मोटरच ब्रेक लावते आणि त्यातला बराचसा भाग परत बॅटरीत घालते. टक्के वाढताना पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी मोठ्यानं हसलो होतो. फक्त एक ध्यानात ठेव: घाटमाथ्यावर मुक्काम असेल तर तिथं बॅटरी गच्च भरू नकोस. भरलेल्या बॅटरीला परत आलेली वीज ठेवायला जागा नसते, मग मोटरचा ब्रेक जवळजवळ लागतच नाही, आणि सवयीनं पाय उचलून बसलेल्या माणसाला दचकायला होतं.

कंपनीनं सांगितलेली रेंज खोटी असते का, असंही तू विचारशील. खोटी नसते, वेगळ्या परीक्षेतली असते. युरोपातल्या गाड्यांना जी डब्ल्यूएलटीपी चाचणी लावतात, तिचा सरासरी वेग ताशी 46.5 किलोमीटर. हायवेवर तू असा चालवणार आहेस? मी छापील आकड्यातला चौथा हिस्सा आधीच कापतो आणि उरलेल्यावर बेत आखतो. स्क्रीनवर दिसणारे उरलेले किलोमीटर तर मी पाहतच नाही. तो आकडा मागच्या काही किलोमीटरांवरून काढलेला अंदाज असतो. उतार उतरून आलास तर गाडी भलतीच आशावादी होते. टक्के बघावेत.

आता थांबण्याबद्दल. घागर भरत आली की आपण नळ बारीक करतो, तसं ही गाडी स्वतःच करते. 10 पासून 80 टक्क्यांपर्यंत भराभर घेते आणि पुढं हात आखडते. कारण भरत आलेल्या बॅटरीत लिथियमला आत शिरायला जागा पटकन मिळत नाही, आणि घाई केली तर ते आत न जाता वरच धातू होऊन साचतं. त्यानं बॅटरी कायमची अधू होते. वरच्या 20 टक्क्यांना पुष्कळदा खालच्या 70 इतकाच वेळ लागतो. म्हणून 100 होईस्तोवर ताटकळत बसणाऱ्याचा प्रवास लांबतो, आणि मागं रांगेत असलेल्यांचाही. दोनदा थोडं थोडं भरून निघावं. मशिनवर 350 किलोवॅट लिहिलंय म्हणून हुरळूनही जाऊ नकोस. किती घ्यायचं हे गाडी ठरवते. तिची झेप 100 ची असेल तर 100 च मिळणार. शेजारच्या गनवर दुसरा लागला तर काही ठिकाणी तेही वाटून जातं. कडक थंडीत बॅटरी गारठलेली असते, तेव्हा तर सुरुवातच रडतखडत होते. ज्या गाड्यांत सोय आहे तिथं नकाशात चार्जरच मुक्काम म्हणून टाकावा, म्हणजे पोचेपर्यंत ती बॅटरी स्वतः गरम करून ठेवते.

हसू नकोस, पण मोटारगाडी बनवणाऱ्या जर्मन कार्ल बेंझची बायको बर्था मला अलीकडे वारंवार आठवते. 1888 च्या ऑगस्टमध्ये ती नवऱ्याला न सांगता दोन्ही मुलांना घेऊन त्यानं बनवलेल्या गाडीतून मानहाइमहून फोर्झहाइमला गेली, शंभराहून जास्त किलोमीटर. तेव्हा पंप कुठले असणार? वाटेत वीसलोखच्या औषधाच्या दुकानातून लिग्रोइन विकत घेतलं, ते इंधन म्हणून गाडीत ओतलं आणि पुढं निघाली. ब्रेक झिजले तर चांभाराकडून त्यांना कातडं ठोकून घेतलं. तिच्या मानानं आपली ॲपं बरीच म्हणायची.

रोजच्या वापरातल्या खोड्या ऐक. सगळ्यात विनोदी खोडी छोट्या बॅटरीची. मोठी बॅटरी कितीही भरलेली असू दे, दारं, स्क्रीन, दिवे आणि मुख्य म्हणजे मोठ्या बॅटरीला जोडून घेणारे स्विच, हे सगळं चालतं साध्या 12 व्होल्टवर. ती छोटी बॅटरी मेली की पोटात पन्नास युनिट वीज बाळगून गाडी ठार मेलेली. माझी एका सकाळी अशी मेली. दारसुद्धा उघडेना. मग किल्लीच्या आत लपवलेली लोखंडी किल्ली काढली, आणि दुसऱ्या गाडीच्या केबलनं जोर देऊन तिला उठवलं. ती दुसरी गाडी डिझेलची होती. तिच्या मालकानं काय काय ऐकवलं ते सांगत नाही.

ब्रेक इतके कमी वापरले जातात की डिस्कला गंज धरतो. पावसात दोन दिवस उभी राहिली की पहिला ब्रेक खरखरत लागतो, म्हणून अधूनमधून मागं कुणी नाही असं बघून जरा दाबून ब्रेक मारायचे. टायरचं उलटं: वजन जास्त आणि मोटरचा जोर पहिल्या क्षणापासून पूर्ण, त्यामुळे सिग्नलला हौस केलीस की टायर झिजलेच. स्टेपनी बऱ्याच गाड्यांत नसते, हवा भरायचा पंप आणि पंक्चरचं द्रव्य देतात. डिकीत काय आहे ते घेतानाच उघडून बघ. एका पेडलवर चालवायची सवय आठवड्यात लागते आणि मग सुटत नाही, पण मागं बसणाऱ्यांना त्या सारख्या ओढीनं मळमळतं. पाहुणे असले की मी मोटरचा ब्रेक सगळ्यात सौम्य ठेवतो. आणि चार्जिंग सुरू असताना बोनेटमधले पंखे असे घोंघावतात की शेजारी सांगायला येतात, तुमची गाडी चालूच राहिलीय.

आवाजाचं म्हणशील तर हळू चालताना ती मुद्दाम गुणगुणते. पायी चालणाऱ्यांना, विशेषतः दृष्टिहीनांना, कळावं म्हणून ताशी 20 किलोमीटरपर्यंत असा आवाज असावा असा संयुक्त राष्ट्रांचा नियम आहे, आणि युरोपात जुलै 2021 पासून प्रत्येक नव्या इलेक्ट्रिक गाडीला तो सक्तीचा आहे. तरीही गल्लीत मी फार जपून असतो. लोक कानानं रस्ता ओलांडतात, हे मला ही गाडी घेतल्यावर कळलं.

रात्री सॉफ्टवेअर अपडेट होतं आणि सकाळी एसीचं बटण भलतीकडेच गेलेलं असतं. हे मला अजिबात आवडत नाही. हाताला सवय झालेली जागा मालकाला न विचारता बदलणं हा उद्धटपणा आहे, मग त्याला ते सुधारणा म्हणोत की आणखी काही.

आता तुझ्यापुरतं. बॅटरी कुठल्या जातीची हे विचारून घे. एलएफपी, म्हणजे लिथियम-आयर्न-फॉस्फेटची, असेल तर कंपन्या मधूनमधून 100 टक्के भरायला सांगतात, कारण तिचा व्होल्टेज मधल्या पट्ट्यात फारसा हलतच नाही आणि किती उरलंय याचा गाडीचाच अंदाज चुकत जातो. निकेलवाली असेल तर रोज 80 पर्यंत पुरे, 100 फक्त लांबच्या प्रवासाच्या आदल्या रात्री. आणि घेण्याआधी एक दिवस भाड्यानं काढ, वहिनी आणि मुलांना घेऊन, तुझ्या नेहमीच्या सगळ्यात वाईट रस्त्यावर. शोरूमच्या पाच मिनिटांच्या चकरीत काही कळत नाही, फक्त पिकअपला माणूस भुलतो.

पण या सगळ्याच्या आधीची अट एकच. गाडी रात्री जिथं उभी राहते तिथं तुझा स्वतःचा प्लग हवा. तो असेल तर वर्षातले बहुतेक दिवस तुला चार्जर हा शब्दसुद्धा आठवणार नाही, आणि वरची सगळी रडकथा फक्त लांबच्या प्रवासापुरती उरेल. नसेल तर माझं स्पष्ट मत आहे, अजून थांब. दर आठवड्याला सार्वजनिक चार्जरवर तासभर काढणं तुझ्या स्वभावाला झेपणारं नाही, आणि शिव्या मला खाव्या लागतील.

तेव्हा तुझ्या मीटरपासून पार्किंगच्या जागेपर्यंत केबल किती लांब लागेल ते मोज, आणि जोडणी किती किलोवॅटची आहे ते बिलावर छापलेलं असतं, तेही बघ. दोन्ही आकडे कळव, मग पुढचं बोलू.

तुझा,
नंदू