कढीपत्त्याचं पान वरचं पिवळं का खालचं?

प्रिय सोन्या,

काल रात्री तू कढीपत्त्याचे चार फोटो टाकलेस आणि खाली नुसतं "आई हा मरतोय का", आणि मी चष्मा शोधून उत्तर टाईप करेपर्यंत तुझा दुसरा मेसेज, की चमचाभर युरिया टाकला पण. अरे जरा थांबायचं तरी! फोनवर सांगितलं की तू हो हो करतोस आणि विसरतोस म्हणून हे लिहून पाठवतेय, मीटिंगमध्ये वाचलंस तरी चालेल.

आधी युरियाचं. जास्तीचा धुऊन जावा म्हणून कुंडीत भरपूर साधं पाणी घाल, खालच्या भोकातून धो धो वाहू दे, दोनदा तीनदा, आणि खालच्या ताटलीत साचलेलं लगेच ओतून दे. एवढं झालं की पुढचं वाच.

आता फोटो परत उघड आणि बघ कुठली पानं पिवळी आहेत. शेंड्याची, कोवळी. आणि त्यातल्या शिरा हिरव्यागार, जाळीसारख्या दिसतायत. खालची जुनी पानं बिचारी ठणठणीत. हे युरियाचं दुखणंच नाही. युरियातून मिळतं ते नत्र, म्हणजे नायट्रोजन. ते कमी पडलं की झाड जुन्या पानातलं काढून नव्याला देतं, म्हणून पिवळं खालून पडायला लागतं आणि पूर्ण पान पिवळं होतं, शिरांसकट. लोहाचं तसं नाही, एकदा जुन्या पानात बसलं की ते सहसा हलत नाही, म्हणून लोह मिळेनासं झालं की नवीन पान उपाशी राहतं. सगळ्या पिवळ्या पानांना एकच औषध म्हणजे पोटदुखी असो का डोकेदुखी, सगळ्याला बाम चोळण्यासारखं आहे.

पण लोह गेलं कुठं? पानांपेक्षा मला तिसऱ्या फोटोत कुंडीचा काठ जास्त दिसला. पांढरा थर आलाय बघ, तव्याला मिठाचं पाणी आटल्यावर येतो तसा. तुमच्याकडे वाकडला टँकरचं नाहीतर बोअरचं पाणी, ते जड असतंच, आणि वर तू मागे एकदा मोठ्या अभिमानाने सांगितलं होतंस की आरओचं वाया जाणारं पाणी आम्ही फेकत नाही, सगळं झाडांना घालतो. पाणी वाचवतोस ते छानच रे, पण मशीन जे क्षार गाळून काढतं ते त्याच नळीतून बाहेर येतात ना! म्हणजे मूळच्या जड पाण्यापेक्षाही जड पाणी तू वर्षभर कढीपत्त्याला पाजलंस. माती क्षारांनी भरली की त्यात लोह असूनही मुळांना उचलता येत नाही. ते पाणी फरशी पुसायला, संडासात टाकायला वापर. झाडांना एसीतून ठिबकतं ते पाणी घाल, ते अगदी हलकं असतं, आणि ऑक्टोबर हीटमध्ये तुझा एसी चालूच असेल. नर्सरीत चिलेटेड लोह, म्हणजे झाडाला सहज घेता येईल असं लोह, मागितलंस की देतील, पाकिटावर लिहिलंय तेवढंच घे आणि संध्याकाळी पानांवर फवार, हातानं मूठभर जास्त नको. पिवळी झालेली पानं सगळी हिरवी होतील अशी आशा धरू नकोस, नवीन फुटवा कसा येतो ते बघ. आणि हे थंडीच्या आत कर, डिसेंबरात कढीपत्ता तसाही रुसून बसतो, फुटवा काढत नाही. शेजारच्या काकू ताक घाल म्हणतील. मी पण घालते, पातळ करून, महिन्यातून एकदा, फक्त त्यात मीठ-जिरं नसावं एवढं बघ.

सूनबाईच्या जास्वंदीवर पांढरा कापूस दिसतोय म्हणालास, तो पिठ्या ढेकूण. फांदीवर मुंग्यांची रांग असेल. मुंग्या झाड खात नाहीत, ढेकणांचा गोड चिकटा चाटतात आणि त्या बदल्यात त्यांची राखण करतात, त्यांना खाणाऱ्या किड्यांना हुसकावून लावतात. म्हणून आधी मुंग्यांचा रस्ता तोड, मग जुना टूथब्रश साबणाच्या पाण्यात बुडवून फांद्या पुस. नंतर लिटरभर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब, ऊन गेल्यावर फवार, आठवड्याने परत. भर दुपारी फवारलंस तर पानं भाजतात, माझा गुलाब असाच भाजला होता.

आणि माझीच एक फजिती सांगते, तुझ्या बाबांना आठवतेय म्हणून ते रोज हसतात. श्रावणात मिरचीची रोपं दुपारी माना टाकत होती, मी म्हटलं तहान लागली असेल, घातलं पाणी. परत माना टाकल्या, परत पाणी. आठ दिवसांत सगळी गेली. उपटून बघितलं तर मुळं काळी, हातात धरली की सालपट निघून नुसता दोरा राहत होता, वास वेगळाच. मुळं कुजली की झाडाला पाणी पिताच येत नाही, म्हणून ओल्या मातीतही ते सुकल्यासारखं दिसतं. तेव्हापासून आधी दोन पेरं बोट मातीत घालते, ओलं लागलं की तांब्या परत ठेवते. नुसती दुपारी मान टाकून संध्याकाळी सरळ होणारी झाडं असतात, ती उन्हाला वैतागलेली असतात, त्यांना काही करू नकोस.

तू मिरची लावणार असशील तर पान उलटून बघायची सवय लाव. कडा वर वळून होडीसारख्या झाल्या तर बहुतेक फुलकिडे, खाली वळल्या तर कोळी, जाळं विणणारा मोठा नाही, पानाचा रस शोषणारा बारीकसा. इकडे पान कसंही वळलं तरी सगळ्यालाच बोकड्या रोग म्हणतात, मग चुकीचं औषध आणतात.

पाऊस संपलाय म्हणून गुलाब आता छाट, मोगऱ्याला मात्र हात लावू नकोस, तो थंडीत बघू. धणे पेरताना आधी रगडून दोन फाकी कर, आठ-दहा दिवस काही दिसलं नाही तर उकरून बघू नकोस, लहानपणी तू तेच करायचास. मेथी लवकर येते, तुझ्या स्वभावाला तीच बरी. आणि चाफ्याची पानं थंडीत गळली की मेला म्हणून फेकू नका, नखानं साल खरवड, आत हिरवं असलं की ठेव, पाणी कमी कर.

दिवाळीला येताना दोन रिकाम्या कुंड्या घेऊन ये, बाबांनी शेणखत चाळून ठेवलंय. आणि पुढच्या वेळी फोटो काढशील तेव्हा पानाची मागची बाजू पण काढ.

आई