ताडोबाच्या वेशीवर दूरदेशीचा गुलाब कशाला?

मा. संपादक,
स. न.

१ ऑक्टोबरला ताडोबाचे गाभा क्षेत्र पर्यटकांसाठी उघडते आणि जूनअखेरपर्यंत आमच्या भागातली महागडी रिसॉर्ट पाहुण्यांनी गजबजलेली असतात. अलीकडे त्यांपैकी बऱ्याच ठिकाणी मातीचे लिंपण, गवताचे छप्पर, काचेच्या बाटलीतून पाणी असा पर्यावरणाचा विचार दिसतो. त्याचे मनापासून कौतुक वाटते. पण फुलांपाशी आला की हा विचार थांबतो. मी स्वतः फूलशेती करतो, आणि माल विकायला म्हणून ज्या स्वागतकक्षांत गेलो तिथे मला डच गुलाब, कार्नेशन आणि ऑर्किडच दिसले. हरितगृहातली ही फुले पुण्या-बंगळुरूकडून थंड पेट्यांत भरून येतात, ऑर्किड तर पुष्कळदा थायलंडहून. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांवर असतो, तेव्हा ती ताजी राखण्यासाठी किती वीज आणि डिझेल जळत असेल याचा विचार व्हायला हवा.

त्याहून वाईट गोष्ट फुलदाणीच्या तळाशी असते. देठ खोचायला जो हिरवा स्पंज वापरतात, तो फिनॉल-फॉर्माल्डिहाइडचा, म्हणजे चक्क प्लास्टिकचा. १९५४ साली अमेरिकेत स्मिदर्स कंपनीने तो बाजारात आणला आणि सजावटवाल्यांचे काम सोपे झाले. पाणी धरून ठेवतो, देठ हलू देत नाही. पण तो कुजत नाही. एका रिसॉर्टमागच्या नाल्याकाठी मी असा टाकलेला ठोकळा उचलला, तर बोटांच्या नुसत्या दाबाने त्याचा भुगा झाला. पावसात हाच भुगा नाल्यात उतरतो आणि त्या नाल्यावर आमची जनावरेही पाणी पितात, जंगलातलीही. शेजारच्या ढिगात तार, चिकटपट्टी आणि चमकी मारलेली पाने एकमेकांत गुंतली होती. असला माल शेणखताच्या खड्ड्यात टाकता येत नाही. लंडनच्या प्रसिद्ध चेल्सी पुष्पप्रदर्शनाने २०२१ पासून या स्पंजला बंदी केली. जगातले नावाजलेले सजावटकार त्याच्याविना काम करू शकतात, तर व्याघ्र प्रकल्पाच्या सीमेवर तो हवाच कशाला?

पर्याय आमच्या वावरात आणि धुऱ्यावर (बांधावर) उभे आहेत. बुरडांकडची बांबूची टोपली घ्यावी, आत पितळी गुंड (घागर) ठेवावा, त्याच्या तोंडात रायमुनियाच्या (घाणेरीच्या) काड्यांची आडवी-उभी जाळी बसवावी. शेवंतीचे आणि निशिगंधाचे देठ त्यात ताठ उभे राहतात. पाणी रोज बदलले की झाले. रायमुनिया हे बाहेरून आलेले झुडूप जंगलातले गवत मारते, वन विभाग ते काढण्यावर मेहनत घेतो. काढलेल्या झुडपाच्या काड्या अशा कामी आल्या तर बरेच. बांबूकाम शिकलेली माणसे हवी असतील तर चिचपल्लीचे बांबू प्रशिक्षण केंद्र जिल्ह्यातच आहे.

आणि हंगाम केवढा! ऑक्टोबरपासून झेंडू, गलांडा, बिजली, मग शेवंती. कापणीनंतर धानाच्या लोंब्या. फेब्रुवारी-मार्चात पळस आणि काटेसावर, एप्रिल-मेमध्ये बहावा आणि मोगरा. नागभीड-सिंदेवाहीकडच्या मामा तलावांत, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावांत, कमळ फुलते. तलाव राखणाऱ्या ढिवर बांधवांना विचारून ते घेतले तर त्यांनाही दोन पैसे मिळतील. पळसाची गळालेली फुले पितळी परातीत पाण्यावर सोडून पाहा, त्या केशरी रंगापुढे कुठला गुलाब उभा राहील?

एक गोष्ट मात्र बजावून सांगतो. फुलांसाठी कोणी जंगलात शिरू नये. अभयारण्यातून फूल-पान आणणे कायद्याने गुन्हा आहे, आणि मोहाचे फूल तर अस्वल-हरणांच्या आणि गरिबांच्या तोंडचा घास आहे. मोहफुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळतात; हॉटेलांची मागणी वाढली म्हणून मोहाखाली अशा आणखी आगी लागलेल्या आम्हाला चालणार नाहीत. जे घ्यायचे ते शेतातून, धुऱ्यावरून आणि ग्रामसभेच्या परवानगीने.

शेतकऱ्याच्या बाजूने अडचण भावाची आहे. दसऱ्याला झेंडू चढ्या दराने जातो आणि सण सरला की नागपूरच्या बाजारात त्याला कोणी विचारत नाही. तोडणीची मजुरी निघत नाही म्हणून उभ्या पिकात नांगर घालावा लागतो. पर्यटनाचा हंगाम नेमका त्याच सुमारास सुरू होतो. पण रिसॉर्टची खरेदी एका ठेकेदारामार्फत होते, त्याला वर्षभर एकाच मापाचे, एकाच रंगाचे फूल हवे असते, आणि चुकारा दोन-दोन महिने अडकतो. दोन एकरांच्या कास्तकाराला ते झेपत नाही. गावातल्या बचत गटाशी थेट करार झाला, दर आधी ठरला आणि पैसे आठवड्याला मिळाले, तर रोही (नीलगाय) आणि रानडुकरांनी बेजार झालेला माणूस कापसाबरोबर अर्धा एकर फुलांना नक्की देईल.

केंद्रीय पर्यटन मंत्रालय हॉटेलांना तारे देताना सांडपाणी, पावसाच्या पाण्याचे संकलन आणि कचऱ्याची व्यवस्था यांची विचारणा करते. त्यात फुले कुठून आणली आणि ती कशात खोचली हेही विचारले जावे. तोवर राज्याच्या पर्यटन विभागाने आणि ताडोबा व्यवस्थापनाने निदान बफर क्षेत्रातल्या रिसॉर्टांना स्पंज बंद करण्याची अट घालावी, ही विनंती.

शेवंतीच्या काश्या (मुळ्या असलेले फुटवे) आम्ही मे-जूनमध्ये लावतो. कोणत्या महिन्यात साधारण किती फूल लागेल हे व्यवस्थापकांनी एप्रिलअखेर कळवले, तर त्या हिशेबाने टप्प्याटप्प्याने लागवड करता येईल.

आपला,
एक फूल उत्पादक शेतकरी,
ता. भद्रावती, जि. चंद्रपूर