भुसा पात्यापाशीच धरायचा

ती. आई-बाबांना सा. नमस्कार.

नागपूरहून निघताना गडबडीत बोलणं राहून गेलं, म्हणून लिहिते आहे.

बाबा, शनिवारी तुम्ही टेबल सॉ, म्हणजे तुमची ती टेबलात बसवलेली गोल पात्याची करवत, बंद करून जेवायला आलात. तासाभरानं मी मागच्या खोलीत डोकावले, तर खिडकीतून येणाऱ्या उन्हाच्या पट्ट्यात धूळ अजून तरंगत होती. खाली पडलेला भुसा आई झाडून काढते, पण छातीत जाते ती ही धूळ. १० मायक्रॉनपेक्षा, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागापेक्षा, बारीक कण किती तरी वेळ हवेतच राहतात, आणि कोरडा झाडू फिरवला की बसलेलेही पुन्हा उठतात.

साग म्हणजे सोनं, हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे. लकडगंजातून तुम्ही एकेक फळी पारखून आणता, नातवाचा पाळणा तुमच्याच हातचा. पण सागाच्या धुळीनं कातडीला खाज सुटते, दमाही होतो. तुमच्या मनगटावरचं पुरळ मी पाहिलंय. आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं १९९५ मध्येच लाकडाची धूळ कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकली आहे. सुतारकाम सोडा असं मी कधीच म्हणणार नाही. धूळ मात्र उडाल्यावर नाही, पात्यापाशीच धरायला हवी.

सॉच्या पोटाखाली सगळं उघडं आहे. ते प्लायनं बंद करून ४ इंची नळी लावू आणि ती डस्ट कलेक्टरला, म्हणजे भुसा खेचून गोळा करणाऱ्या यंत्राला, जोडू. घरातल्या व्हॅक्यूमची बारीक नळी सँडरला, म्हणजे लाकूड घासायच्या मशीनला, पुरते, टेबल सॉला नाही. तिथे ओढ कमी असली तरी चालते, हवा मात्र भरपूर खेचली गेली पाहिजे. मध्ये झाकणाची एक बादली बसवायची. तिच्यात हवा गोल फिरते, जड भुसा खाली पडतो आणि फिल्टर लवकर तुंबत नाही. सगळ्यात महत्त्वाचा तो फिल्टरच. साध्या कापडी पिशवीतून बारीक धूळ पुन्हा खोलीत येते, म्हणून बारीक कण अडवणाराच घेऊ. पात्याच्या वरूनही थोडी धूळ तोंडावर येतेच, तेव्हा मास्क घालाच. खिळ्याला टांगलेल्या त्या मास्कचं इलॅस्टिक पार सैल झालंय, मी नवे एन-९५ आणते.

कूलर सध्या सॉच्या समोर आहे, तो सगळी धूळ तुमच्याकडे ढकलतो. तो तुमच्या पाठीमागे घ्या. समोरच्या भिंतीत एक्झॉस्ट बसवू आणि काम संपल्यावरही अर्धा तास चालू ठेवू. फक्त त्याचं तोंड आईच्या कुरडया वाळतात त्या बाजूला नको.

आई, आजीच्या भुशाच्या शेगडीची आठवण तू काढलीस. प्लाय आणि एमडीएफच्या (भुसा दाबून केलेल्या फळ्यांच्या) भुशात गोंद असतो गं, तो कधीच जाळू नकोस. बाबांना रात्री खोकला येतो का, ते मला खरं खरं सांग. त्यांना विचारलं तर ते नाहीच म्हणतील.

बाबा, सॉला हात लावण्याआधी प्लग काढा आणि मागे भुसा बाहेर पडतो त्या तोंडाचा व्यास टेपनं मोजून कळवा. नळीचा जोड त्याच मापाचा घेऊन येते.

तुमची,
लेक