बागेतलं ऑफिस: आधी छत आणि वायरिंग बघा

माननीय संपादक, सप्रेम नमस्कार.

पुरवणीत बागेतल्या खोलीचं ऑफिस करण्यावरचा लेख वाचला, फोटो मस्तच होते, पण सगळी चर्चा रंग, कुंड्या आणि पडद्यांचीच, आणि ज्या गोष्टींवर ती खोली वर्षभर वापरता येणार की नाही हे ठरतं त्याबद्दल एक ओळ पण नाही म्हणून हे पत्र लिहितेय.

कल्पना मला मनापासून पटते. घरातून काम करताना काम संपतच नाही, जेवताना पण लॅपटॉप समोर दिसत असतो. बागेतल्या खोलीला कुलूप लावून चार पावलं चालत घरात आलं की डोकं पण घरी येतं. नाटककार बर्नार्ड शॉ इंग्लंडमधल्या आपल्या घराच्या बागेत अशाच एका छोट्या लाकडी खोलीत बसून लिहायचे, ती फिरत्या चौथऱ्यावर होती, ऊन सरकेल तशी वळवता यायची. आपली खोली काही फिरणार नाही, त्यामुळे खिडकी कुठल्या बाजूला हे आधीच ठरवायला हवं. पश्चिमेला मोठी काच ठेवली तर दुपारनंतर ऊन थेट आत येतं आणि स्क्रीनवरचं काही दिसत नाही. टेबल खिडकीला काटकोनात ठेवलं की बराच त्रास वाचतो.

खरा प्रश्न छताचा आहे. अवजारं ठेवायला बांधलेली शेड म्हणजे पातळ फळ्या आणि वर पत्रा, उन्हाळ्यात तिथे बसवत नाही. थंडीत तर वेगळंच, आत हीटर लावून दार बंद करून बसलं की श्वासातली वाफ गार पत्र्याला लागते आणि त्याचं पाणी होऊन थेंब थेंब खाली टपकतं, लोकांना वाटतं छत गळतंय आणि वरून डांबर लावत बसतात. त्याला उपाय म्हणजे छताला आणि भिंतींना इन्सुलेशन, म्हणजे उष्णता अडवणारा थर, त्याच्या आतल्या बाजूने वाफ अडवणारा प्लास्टिकचा थर आणि हवा खेळायला वर जाळी. फरशी पण जमिनीपासून थोडी उचललेली हवी, नाहीतर ओल आणि वाळवी ठरलेलीच.

आणि कृपा करून घराच्या खिडकीतून एक्स्टेंशन बोर्ड ओढून ऑफिस चालवू नका!! पावसात ओल्या गवतावर पडलेली ती वायर, त्यावरच हीटर, कॉम्प्युटर, प्रिंटर सगळं, हे जिवावर बेतू शकतं. जमिनीखालून आर्मर्ड केबल (धातूचं कवच असलेली), खोलीसाठी वेगळा एमसीबी (लोड जास्त झाला की वीज तोडणारा स्विच), ३० मिलीअँपिअर वीज गळली की ट्रिप होऊन पुरवठा तोडणारा आरसीसीबी आणि नीट अर्थिंग, हे सगळं लायसन्सवाल्या वायरमनकडूनच करून घ्यायचं. इंटरनेटचं पण तेच, दोन भिंती ओलांडून वायफाय धड पोचत नाही, मग मीटिंगमध्ये आवाज तुटतो. चर खणतोच आहोत तर नेटची केबलही तेव्हाच टाकावी, पॉवरच्या केबलपासून लांब वेगळ्या पाइपातून. साधी लॅन केबल १०० मीटरपर्यंत चालते, पण दोन इमारतींमध्ये फायबर, म्हणजे काचेच्या तंतूंची केबल, टाकलेली बरी, वीज पडली तर तिच्यातून झटका कॉम्प्युटरपर्यंत येत नाही.

बांधकामाची परवानगी आणि विमा यांचीही चौकशी काम सुरू करण्याआधीच करावी.

माझं म्हणणं एवढंच की बजेट कमी असेल तर टेबल जुनं चालेल, पडदे नंतर येतील, पण छत आणि वायरिंगमध्ये काटकसर नको. पुढच्या एखाद्या पुरवणीत वायरमन आणि सुतार यांच्याशी बोलून या विषयावर सविस्तर लेख द्यावा ही विनंती, सजावटीचे फोटो दोन कमी छापले तरी चालतील.

आपली,
एक नियमित वाचक