ओट्यावर गार झालेला चहा

प्रिय बाळा,

फोनवरच बोलले असते पण फोनवर तू "हो आई, बघतो आई" म्हणून विषय मिटवून टाकतोस, म्हणून टाइप करत बसलीये, दोन दिवस झाले, काही चुकलं असेल तर समजून घे. एकटा असताना निवांत वाच आणि मग वाटलं तर सूनबाईला पण वाचायला दे, तिच्यापासून लपवावं असं यात काही नाही.

दिवाळीत आठ दिवस तुमच्याकडे राहिले, खूप बरं वाटलं. पण पाडव्याच्या आदल्या संध्याकाळचं ते काही केल्या डोक्यातून जात नाहीये. तुला कदाचित आठवत पण नसेल. पाडव्याला तिच्या माहेरी जायचं ठरलेलं, आणि तू त्याच दिवशी मित्रांना हो म्हणून बसलास. ती म्हणाली, "माझ्या घरचं तुझ्या कधीच लक्षात राहत नाही." तू तिच्याकडे बघितलंस, "ओके" म्हणालास, हेडफोन घातलास आणि लॅपटॉप उघडलास. बस. आवाज नाही, आदळआपट नाही.

मी हॉलमध्ये वाती वळत बसले होते. थोड्या वेळाने ती दोन कप चहा घेऊन तुझ्या दारात गेली. उभी राहिली. तू मान वर केली नाहीस. मनात धरून बसला होतास की खरंच काम होतं ते तुलाच माहीत. ती परत आली, एक कप उभ्या उभ्या प्यायली आणि दुसरा ओट्यावर ठेवला. त्या कपावर साय धरेपर्यंत ती तिथेच उभी होती, मग बेसिनमध्ये ओतला आणि कप विसळून पालथा घातला. मी रात्री पाणी प्यायला उठले तर किचनचा लाईट चालू, ही तिथेच. मी म्हणलं, अगं झोप, सकाळपर्यंत निवळेल तो, फार चिडणाऱ्यातला नाहीये. तर म्हणाली, "आई, तो चिडतच नाही, तेच तर."

त्या रात्री मला झोप लागली नाही बाळा.

कारण तू मला अभिमानाने सांगतोस ना, की आई मी कधी आवाज चढवत नाही, माझा कंट्रोल आहे, आणि मी पण चार जणींत सांगते की माझा मुलगा किती शांत. पण मी बत्तीस वर्षं सिस्टर म्हणून काम केलंय, पेशंट गप्प पडलाय म्हणजे त्याला दुखत नाही असं आम्ही कधी धरत नव्हतो. आणि घरात मात्र हे मला कळायला किती वर्षं लागली.

तुला २००३ आठवतं का? तू दुसरीत होतास. पप्पांनी मला न सांगता काकांना बोअरसाठी दहा हजार दिले, माझ्या भिशीचे, ते पैसे मी तुझ्या ॲडमिशनसाठी बाजूला ठेवले होते. मी नाईट करून आलेले, डोळ्यावर झोप, आणि काका जेवायला बसलेले असतानाच मी बोलले, "तुमच्या घरात बायकोला विचारायची पद्धतच नाही ना, शिकवलंच नाही कुणी." पप्पांनी अर्धं ताट सोडून हात धुतला. त्यानंतर अकरा दिवस आमचा अबोला. अकरा दिवस, मी मोजलेत. कारखान्यातून यायचे, जेवायचे, टीव्ही लावायचे, माझ्याशी हूं नाही की चूं नाही. आणि सगळे निरोप तुझ्यामार्फत. "पप्पांना सांग, पान वाढलंय." "आईला सांग, भूक नाही." हॉल ते किचन दहा पावलं, तू दिवसातून वीस वेळा चालायचास. एकदा मी तुझ्याकडे "पप्पांना सांग गॅस संपलाय" म्हणून निरोप दिला तर तू दारातूनच, माझ्याकडेच बघत म्हणालास, "पप्पा म्हणतात बरं." तू गेलाच नव्हतास. तुला उत्तर पाठ झालं होतं.

त्यावर मी हसले होते तेव्हा. आता आठवलं की पोटात तुटतं. भांडण कसं करायचं हे आम्ही तुला कधी शिकवलं नाही, तू आपला बघून बघून शिकलास, आणि शिकलास काय तर आत घेऊन बसायचं.

पण मी माझं पण सांगते. पप्पांचा अबोला सगळ्यांना दिसायचा, माझे टोमणे कुणी मोजले नाहीत. मी त्यांना भावासमोर कमी लेखलं. रिटायर झाल्यावर वेळ मिळाला तशी मी या विषयावर बरंच वाचलं, अमेरिकेत सिअ‍ॅटलला जॉन गॉटमन म्हणून मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी नवरा बायकोला एका खोलीत बसवून, अंगाला नाडी मोजायच्या वायरी लावून, त्यांच्याच घरातल्या भांडणाच्या विषयावर बोलायला लावलं, आणि पुढे वर्षानुवर्षं कुणाचं टिकलं कुणाचं मोडलं ते बघितलं. त्यांचं म्हणणं की संसाराला सगळ्यात जास्त पोखरते ती तुच्छता, समोरच्याला खाली दाखवून बोलणं. राग नाही, तुच्छता. "तुम्ही न विचारता पैसे दिलेत, मला खूप राग आलाय" एवढं म्हणले असते तर तो राग होता. मी त्यांचं खानदान काढलं.

आणि तुझ्यासाठी महत्त्वाचं पुढे आहे. भांडणात भिंतीसारखं गप्प होऊन जाणं, हे पुरुष खूप जास्त करतात असं त्यांना दिसलं, आणि बाहेरून दगड दिसणाऱ्या त्या माणसाची नाडी आत पळत असते. शंभरच्या वर ठोके गेले की माणसाला समोरचा काय बोलतोय ते नीट ऐकूच येत नाही, म्हणजे कान ऐकतात पण डोक्यात शिरत नाही. हे वाचलं आणि मला आपल्या किचनमधली एक संध्याकाळ आठवली. तू आठवीत होतास, तुझ्या क्लासच्या फीवरून आमचं जुंपलं होतं, मी ओट्याशी कणीक मळता मळता ताडताड बोलत होते आणि मधेच, काय सुचलं देव जाणे, पिठाच्या हाताने स्वतःचं मनगट धरलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. १५ सेकंदांत २८ ठोके. म्हणजे ११२. आमच्याकडे कुणी पेशंट नुसता बसून ११२ दाखवत असता तर मी त्याला आडवं केलं असतं आणि डॉक्टरांना हाक मारली असती. आणि इथे मी त्याच ११२ वर पोराच्या शिक्षणाचे निर्णय घेत होते.

आमच्या रुग्णालयात तेव्हा एक समुपदेशक होते, त्यांना मी हे दुसऱ्या दिवशी सांगितलं. ते म्हणाले, सिस्टर, उठून जायला हरकत नाही, पण सांगून उठा आणि परत कधी येणार ते पण सांगून उठा. मी घरी येऊन पप्पांना तसंच्या तसं सांगितलं, ते काही बोलले नाहीत, मला वाटलं पालथ्या घड्यावर पाणी. पण पुढच्या वेळी खटका उडाला तेव्हा चप्पल घालता घालता म्हणाले, "गच्चीवर चाललोय. अर्ध्या तासात येतो." बाळा, ते वाक्य ऐकून माझे हातपायच गळाले. आधी ते नुसतेच निघून जायचे आणि मी हिशेब करत बसायची, आता किती दिवस. चाळीस मिनिटांनी आले. काय बोलावं ते त्यांना कळेना, दारात उभे राहून म्हणाले, "लाईट बिल भरलंय मी." मी म्हणलं, चहा टाकू का. तो सगळ्यात गोड चहा होता आमच्या लग्नातला, माझं खरं मत विचारशील तर.

गॉटमननी पण हेच करून बघितलंय. भांडण रंगात आलं की मशीन बिघडल्याचं सांगून थांबवायचे, अर्धा तास मासिकं वाचायला द्यायचे, त्या विषयावर बोलायचं नाही. नाडी खाली आली की तीच माणसं वेगळीच बोलायला लागायची. निदान वीस मिनिटं तरी लागतात शरीराला शांत व्हायला. फक्त त्या वीस मिनिटांत "असं कसं बोलली ती मला" हे घोळवत बसलास तर नाडी उतरत नाही, हे मी स्वतःवर मोजून बघितलंय, म्हणून सांगते, चाल, कपड्यांच्या घड्या घाल, पाणी पी, पण तिच्याविरुद्धची केस तयार करत बसू नकोस. तू हेडफोन घालून जे करतोस तो हा ब्रेक नाही. तुझ्या ब्रेकला वेळ नाही, आणि परत येणं पण नाही.

आता तू म्हणशील, आई, मी गप्प बसून निदान तिला त्रास तरी देत नाही ना. तर ऐक, हे वाचून मी सिस्टर असून थक्क झाले. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे जेम्स ग्रॉस आणि त्यांच्यासोबतचे संशोधक, २००३ साली छापून आलेल्या अभ्यासात त्यांनी एकमेकींना न ओळखणाऱ्या बायकांच्या जोड्या केल्या, मन हलवणारी एक फिल्म दाखवली, आणि मग त्याबद्दल गप्पा मारायला बसवलं. काही जोड्यांत एकीला आधी गुपचूप सांगितलं होतं की चेहऱ्यावर काहीही दिसू द्यायचं नाही. तर जिच्यासमोर असं कोरं तोंड होतं त्या दुसरीचं पण बीपी वाढलं! तिला कुणी काही बोललं नव्हतं, ओरडलं नव्हतं. अनोळखी बाईची ही गत, तर जी तुझ्या ताटात जेवते, तुझ्या शेजारी झोपते तिचं काय होत असेल. मी त्या अकरा दिवसांत ड्युटीवर असताना दुखतं डोकं घेऊन फिरायची आणि वाटायचं जागरणाचं आहे.

आणखी एक अभ्यास सापडला, तो वाचून आधी मला रागच आला. कॅलिफोर्नियातला, ऐंशीहून जास्त जोडप्यांना तेरा वर्षं बघितलं, आणि निघालं काय तर भांडणात बायको लवकर शांत झाली की दोघंही जास्त सुखी, आणि पुढच्या वर्षांत बायकोचं समाधान वाढत गेलं, नवऱ्याच्या शांत होण्याचा तेवढा संबंध दिसला नाही. म्हणजे परत बाईनेच थंड घ्यायचं का? पण नीट वाचल्यावर कळलं की त्या बायका गप्प बसून शांत होत नव्हत्या, त्या शांत होऊन नीट मुद्द्याचं बोलत होत्या, म्हणून फरक पडत होता. आणि ते लोक बहुतेक माझ्या वयाचे, जुन्या पद्धतीचे. तू हे तिच्या अंगावर ढकलायला वापरू नकोस.

आणि हे सगळं जिथे धाक नाही अशाच घरापुरतं. कॅज्युअल्टीत "जिन्यावरून पडले" म्हणून येणाऱ्या बायका मी खूप बघितल्यात, पडल्याचे आणि मारल्याचे वळ वेगळे असतात. त्या बाईला कुणी भावना सांभाळायला सांगू नये, तिला तिथून बाहेर पडायला मदत लागते.

तिचं काहीच चुकत नाही असं माझं म्हणणं नाही. "कधीच", "नेहमीच" हे शब्द तिच्या तोंडी फार येतात आणि ते तुला टोचतात, मला दिसतं. पण ते तू तिला सांग, शांत असताना, "तू कधीच म्हणलीस की मला वाटतं मी काही केलंच नाही तुझ्यासाठी." मी सांगायला गेले तर ते सासूचं बोलणं होईल. आणि एका संध्याकाळी सगळं मिटवायला जाऊ नका, जोडप्यांच्या भांडणातले जवळजवळ दोन तृतीयांश विषय आयुष्यभर मिटतच नाहीत असं पण गॉटमननी लिहिलंय. मला पटतं. पप्पा अजून काकांना पैसे देतात, मी अजून चिडते. आता देण्याच्या आधी सांगतात एवढंच.

आणि हे मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. तुमच्याकडून आल्यावर एका रात्री जेवण झाल्यावर मी पप्पांना विचारलं, त्या अकरा दिवसांत तुम्हाला एवढा कसला राग आला होता हो. बावीस वर्षांत पहिल्यांदा विचारलं. ते बराच वेळ बोटांनी ताट निपटत बसले. मग म्हणाले, "राग नव्हता गं. लाज वाटली होती. पैसे देऊन चुकलो हे मला पण कळलं होतं, आणि धाकट्या भावासमोर तू बोललीस. मग तुझ्याकडे बघायचीच हिंमत होईना, आणि जेवढे दिवस गेले तेवढं अवघड होत गेलं." मी अकरा दिवस समजत होते हा माणूस मला शिक्षा देतोय. त्यांना फक्त परत यायची वाट सापडत नव्हती. एक शब्द होता, लाज, तो तेव्हा बोलला गेला असता तर तुला ती दहा पावलं चालावी लागली नसती.

तर त्या संध्याकाळी तुला काय झालं होतं बाळा? चिडला होतास, की विसरलो म्हणून ओशाळला होतास, की अजून काही? मला नको सांगूस, तिला सांग. आणि ती रात्री ओट्यापाशी एवढा वेळ काय विचार करत होती ते पण विचार. मी विचारलं नाही, तिने मला सांगितलं नाही, तुझ्यासाठी राखून ठेवलं असेल असं मला वाटतं.

मेतकूट आणि लसणाची चटणी पाठवलीये, चटणी तिला आवडते, तिच्या हातात दे.

तुझी आई